देवळालीचे कापरेकर गुरुजी

(दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळाली येथील शाळेत गणित शिकवत. मोठी पदवी किंवा मोठे पद नसताना त्यांनी अंकांचे नवे गुण शोधून काढले. त्यांच्या जीवनाची आणि कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे. पाठ वाचताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा.)

मित्रांनो, जळगाव शहराजवळ असोदा नावाचे गाव आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे हे माहेर. १८८० साली त्यांचा जन्म येथे झाला. बहिणाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही घरात आणि शेतात राबताना त्यांनी गाणी रचली. चूल, जाते, शेत, पाखरू अशा रोजच्या गोष्टींत त्यांना जे दिसले, ते इतरांच्या नजरेतून सुटले होते.

अशीच नजर असलेल्या एका माणसाची ओळख आज आपण करून घेऊ. ते कवी नव्हते, गणिताचे शिक्षक होते. आपण रोज लिहितो त्या एक ते नऊ अंकांत आणि शून्यात त्यांना नवे काही दिसले.

असोद्याहून जळगावच्या स्टेशनावर या आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसा. पाचोरा, चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड ही स्टेशने मागे पडली की देवळाली येते. पुढे कसाऱ्याचा घाट उतरून गाडी कल्याणला पोहोचते. कल्याणनंतर लागते डोंबिवली. देवळाली आणि डोंबिवली ही तुमच्याच रेल्वेमार्गावरची दोन स्टेशने. या दोन्ही गावांची नावे जगातील गणिताच्या पुस्तकांत शिरली आहेत. ती तिथे नेली कापरेकर गुरुजींनी.

दत्तात्रेय कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकिनाऱ्यावरील डहाणू या गावी झाला. त्यांचे वडील कारकून होते. वडिलांना ज्योतिषाची आवड होती. ज्योतिषात आकडेमोड फार करावी लागते. वडिलांच्या शेजारी बसून लहानगा दत्तात्रेय आकडेमोड शिकला. तो आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. आईविना वाढणाऱ्या या मुलाला अंकांची सोबत मिळाली. पुढे ठाण्याच्या शाळेत शिकत असताना गणिताची कोडी सोडवण्यात त्याचे तासन् तास जात.

१९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाले. यापुढची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. १९३० साली ते देवळालीला शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच शिकवत राहिले. बत्तीस वर्षे एकच गाव आणि एकच काम! पण त्यांचे मन मात्र अंकांच्या प्रदेशात दूरवर भटकत असे.

आता डोंबिवलीची गोष्ट ऐका. रेल्वेच्या प्रवासात गाडीची वाट पाहणे कोणाला चुकले आहे? आपण अशा वेळी इकडेतिकडे पाहतो. कापरेकरांना मात्र डोंबिवली स्टेशनावर एका नव्या प्रकारच्या संख्या सुचल्या. म्हणून त्यांनी त्या संख्यांना स्टेशनाच्या नावावरूनच 'डेम्लो संख्या' असे नाव दिले.

१६५ ही संख्या घ्या. तिच्या दोन्ही टोकांचे अंक मिळवा. १ आणि ५ मिळून ६ होतात. तोच ६ मध्ये बसला आहे. २५५३ पाहा. टोकांचे २ आणि ३ मिळून ५ होतात. मध्ये ५ दोनदा आला आहे. दोन टोकांची बेरीज करावी आणि तिचाच अंक मध्ये सापडावा, ही डेम्लो संख्येची खूण.

या घराण्यातील एक मोठी संख्या आता आपण पाहू. त्यासाठी खालील गुणाकार वहीत करा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

प्रत्येक पायरीवर अंक एकेकाने चढतात आणि मग उतरतात. असेच करत नऊ वेळा १ लिहून झालेल्या संख्येपर्यंत या.

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

केवढी मोठी संख्या! तिच्यात सतरा अंक आहेत. दर सेकंदाला एक याप्रमाणे रात्रंदिवस न थांबता मोजत गेलो, तर येथपर्यंत पोहोचायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. पण तिचा मोठेपणा केवळ आकारात नाही.

तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि मराठी डावीकडून उजवीकडे. ही संख्या कोणत्याही बाजूने वाचा, तीच राहते. आता तिच्या मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८ उरतात आणि उजवीकडे ८७६५४३२१. या दोघांची बेरीज करा. उत्तर येते ९९९९९९९९, म्हणजे आठही ठिकाणी ९. तोच ९ मध्ये बसला आहे. म्हणून ही डेम्लो संख्या.

असे का होते? हा गुणाकार रीतसर मांडून पाहा. एकाखाली एक सरकत जाणाऱ्या ओळी मिळतील आणि प्रत्येक ओळीत फक्त १ असतील. पहिल्या उभ्या रांगेत एक १, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असे वाढत मधल्या रांगेत नऊ १ येतात. मग ते एकेकाने कमी होतात. नऊपर्यंत हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून आकृती सुबक राहते. दहा वेळा १ लिहून गुणाकार केला, तर मधल्या रांगेत दहा १ येतात. हातचा घ्यावा लागतो आणि ती सुबक आकृती मोडते. चमत्कार वाटणाऱ्या गोष्टीमागेही कारण असते, ते असे.

या संख्येचा आणखी एक गुण आहे. तिच्या सर्व अंकांची बेरीज करा. ती ८१ भरते. आता त्या सतरा अंकी संख्येला ८१ ने भागा. बाकी शून्य राहते आणि भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते, तिला कापरेकरांनी 'हर्षद संख्या' असे नाव दिले. हर्ष म्हणजे आनंद, खुशी. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १८ ही लहानशी संख्याही हर्षद आहे, कारण १ आणि ८ यांची बेरीज ९ होते आणि १८ ला ९ ने भाग जातो. सतरा अंकी संख्या आणि दोन अंकी संख्या एकाच नात्यात बांधलेल्या आहेत, हे ओळखायला अंकांवर प्रेमच असावे लागते.

कापरेकरांचे नाव सर्वांत जास्त गाजले ते मात्र एका चार अंकी संख्येमुळे. ती संख्या म्हणजे ६१७४. १९४९ साली मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, गणिताची परिषद भरली होती. तेथे त्यांनी या संख्येचा गुण विद्वानांपुढे मांडला.

हा गुण तुम्हीही पडताळून पाहू शकता. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा. मग लहानाकडून मोठ्याकडे लिहा. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करा. गणिताच्या तासाला तुम्ही जिला तफरीक म्हणता, तीच ही वजाबाकी. जे उत्तर येईल, त्याच्यावर पुन्हा हीच क्रिया करा. उत्तर तीन अंकी आले, तर डावीकडे शून्य लिहून चार अंक पुरे करा.

असोद्याच्या बहिणाबाईंचे जन्मवर्ष घेऊ. ते १८८०.

८८१० − ०१८८ = ८६२२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पाचव्या पायरीला ६१७४ आले. पुढे जाऊ या. ७६४१ वजा १४६७ बरोबर पुन्हा ६१७४! इथे आलेली संख्या पुढे जातच नाही. नदीचे पाणी वाहत वाहत समुद्राला मिळावे, तशा सगळ्या चार अंकी संख्या ६१७४ ला येऊन मिळतात. कोणालाही सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. म्हणून या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

याही मागे कारण आहे. वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते. एक, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतील फरक. दुसरी, मधल्या दोन अंकांतील फरक. १९०५ आणि २९०६ या दोन संख्यांत हे फरक सारखेच आहेत, ९ आणि ४. म्हणून दोन्हींचे पहिले उत्तर ९३५१ येते. असे वेगवेगळे फरक मोजले, तर ते केवळ ५४ प्रकारचे भरतात. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ संख्यांवर येऊन ठेपतात. या ५४ संख्या वहीत हाताने तपासता येतात. आज संगणक हे काम निमिषात करतो. कापरेकरांच्या हाती संगणक नव्हता. कागद, लेखणी आणि न कंटाळणारे मन, एवढेच त्यांचे साहित्य होते.

त्यांनी आणखीही शोध लावले. ४५ चा वर्ग २०२५ होतो. त्याचे दोन भाग करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५! ७०३ चा वर्ग ४९४२०९ होतो. ४९४ आणि २०९ मिळून ७०३ होतात. अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

२१ या संख्येत तिचेच अंक २ आणि १ मिळवा. २४ मिळतात. म्हणजे २१ पासून २४ जन्मली. पण २० कोणापासून जन्मली? कितीही शोधा, अशी संख्या मिळणार नाही. २० ला जन्म देणारी संख्याच नाही. अशा संख्यांना स्वयंभू, म्हणजे आपल्या आपण उत्पन्न झालेल्या संख्या म्हणतात. त्यांचे दुसरे नाव 'देवळाली संख्या' असे आहे. डोंबिवलीप्रमाणे देवळालीही गणितात गेली ती अशी.

मित्रांनो, हे सारे वाचून तुम्हांला वाटेल की या माणसाचा मोठा गौरव झाला असेल. तसे घडले नाही. त्या काळी गणितातील अनेक जाणकारांना कापरेकरांचे काम क्षुल्लक वाटे. अंकांशी चाललेला हा पोरखेळ आहे, याचा उपयोग काय, असा त्यांचा सूर असे. कोणी हसत, कोणी दुर्लक्ष करत. मोठमोठ्या नियतकालिकांत त्यांच्या लेखांना सहसा जागा मिळत नसे. मग कापरेकर आपल्या पदरचे पैसे खर्चून लहान लहान पुस्तिका छापत. शिक्षकाचा पगार तो केवढा! पण हौस म्हणून किंवा नाव व्हावे म्हणून ते हा खर्च करत नव्हते. आपल्याला दिसलेले सौंदर्य इतरांना दाखवल्यावाचून त्यांना राहवत नसे.

उपयोग काय, हा प्रश्न खोटा नव्हता. ६१७४ या संख्येमुळे पूल बांधले गेले नाहीत किंवा रोग बरे झाले नाहीत. कापरेकरांनीही तसा दावा केला नाही. पण केवळ बेरीज आणि वजाबाकी येणाऱ्या मुलालाही गणितात काहीतरी स्वतः शोधता येते, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले. मोठे ग्रंथ आणि प्रयोगशाळा जवळ नसलेल्या मुलासाठी हा केवढा आधार आहे!

निवृत्तीनंतर कापरेकरांना निवृत्तिवेतनात भागवणे कठीण जाऊ लागले. म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. अशा ओढाताणीतही त्यांचा अंकांचा अभ्यास थांबला नाही. आपला संशोधक जीव त्यांनी गरिबीच्या हवाली केला नाही.

मग १९७५ साल उजाडले. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक होते. गणितातील गमती सोप्या भाषेत सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी त्या वर्षीच्या मार्च महिन्यात 'सायंटिफिक अमेरिकन' या प्रसिद्ध मासिकात कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले. ते मासिक अनेक देशांत वाचले जाई. देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. आपल्या देशातही मग त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिले जाऊ लागले. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे निधन झाले.

आज वेगवेगळ्या देशांत संगणक शिकणाऱ्या मुलांना ६१७४ चे उदाहरण सोडवायला देतात. त्यांपैकी कितीतरी मुलांना देवळाली कोठे आहे हे ठाऊक नसेल. तुम्हांला मात्र ते ठाऊक आहे. ते तुमच्याच रेल्वेमार्गावर आहे.

आता शेवटची एक गोष्ट. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५. ते ६१७४ पर्यंत कसे पोहोचते, हे पाहू या.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

बरोबर सात पायऱ्या! जास्तीत जास्त लागू शकतात तेवढ्या. कापरेकरांनाही मान्यतेपर्यंत पोहोचायला असाच लांबचा रस्ता चालावा लागला. हा अर्थात योगायोग आहे. अंक कोणाचे नशीब सांगत नाहीत. पण अशा योगायोगातही आनंद असतो. त्यांच्या मृत्यूचे वर्ष १९८६ हे आता तुम्ही स्वतः सोडवा. पहिल्याच वजाबाकीत तुम्हांला एक ओळखीची संख्या भेटेल. तेथून पुढचा रस्ता तोच आहे.

शब्दार्थ

माहेर — स्त्रीच्या आईवडिलांचे घर, मायका
आकडेमोड — अंकांचा हिशेब
हातचा — बेरीज-गुणाकारात पुढच्या रांगेत मिळवायचा अंक
स्थिरांक — न बदलणारी संख्या
क्षुल्लक — मामुली, किरकोळ
पदरचे पैसे — स्वतःजवळचे पैसे
हातखंडा असणे — एखादे काम उत्तम जमणे
निवृत्तिवेतन — नोकरी संपल्यावर दरमहा मिळणारी रक्कम, पेन्शन
निमिषात — क्षणात

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापरेकरांचा जन्म कोठे झाला?
(आ) आकडेमोडीची गोडी त्यांना कोणामुळे लागली?
(इ) डेम्लो संख्यांना हे नाव कशावरून मिळाले?

२. कारणे लिहा.
(अ) कापरेकर स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत.
(आ) दहा वेळा १ लिहून गुणाकार केल्यावर अंकांची सुबक आकृती मोडते.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
उपयोग काय, या प्रश्नाला पाठात कोणते उत्तर दिले आहे? ते तुम्हांला पटते का?

४. वाक्यांत उपयोग करा.
हातखंडा असणे, दुर्लक्ष करणे, ओढाताण होणे.

५. करून पाहा.
तुमच्या जन्माचे वर्ष घेऊन ६१७४ पर्यंत जा. किती पायऱ्या लागल्या, ते वर्गात मराठीतून सांगा. घरातील वडीलधाऱ्यांची जन्मवर्षेही घ्या. सर्वांत कमी पायऱ्या कोणाला लागल्या?